नऊ रेघांत मावलेला माणूस

(दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकबद्दल चित्रपट रसिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सुरुवात आमच्या घरच्या भिंतीपासून करतो. वाड्यातल्या माजघरात चार फोटो होते आणि चौघेही गेलेले होते. जिवंत माणसाचा फोटो भिंतीवर लावायचा नाही, असा आजीचा दंडक. वडिलांनी एकदा हौसेनं तिचाच फोटो मोठा करून, चौकट करून आणला. तर म्हणाली, "आणलाच आहेस तर हारही घेऊन यायचास की." तो फोटो पुढे बारा वर्षं ट्रंकेत पडून होता.

आजीला कल्पना नव्हती, पण लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीचा नियम थेट तिच्यासारखाच होता. ही गॅलरी १८५६ सालची. गादीवरचे राजा-राणी सोडले, तर जिवंत माणसाचं चित्र संग्रहात घ्यायचं नाही. माणूस जाऊन दहा वर्षं झाली पाहिजेत. त्या दहा वर्षांत गाजावाजा खाली बसतो आणि माणूस खरंच केवढा होता ते दिसायला लागतं, असा हिशेब असावा. १९६९ साली त्यांनी हा नियम उठवला. दुसरं एक तत्त्व मात्र स्थापनेपासूनचं आहे: चित्र कोणाचं आहे हे आधी बघायचं, चित्रकार किती मोठा हे नंतर. त्यामुळे या गॅलरीत फिरताना आपण चित्रं बघतोय की माणसांना भेटतोय, ते कळेनासं होतं. त्यांच्या संग्रहातलं पहिलं चित्र शेक्सपिअरचं. तिथून जे सुरू झालं ते आज दोन लाखांहून जास्त छायाचित्रांपर्यंत आलं आहे.

त्या छायाचित्रांमध्ये आल्फ्रेड हिचकॉक आहे. आज बोलायचंय ते त्याच्याबद्दल. त्याच्या सिनेमांबद्दल तुम्ही इथे पुष्कळ ऐकलं आहे. मी त्याच्या चेहऱ्याबद्दल बोलणार आहे.

एक आधीच सांगून ठेवतो. लंडनला जाऊन गॅलरीत शिरलात आणि हिचकॉक शोधायला लागलात, तर तो भिंतीवर सापडेलच असं नाही. कागदावरची छायाचित्रं उजेडानं फिकी होतात. ती थोडे दिवस लावतात, मग अंधारात नेऊन ठेवतात. म्हणजे आमच्या आजीच्या फोटोसारखी ती बहुतेक काळ ट्रंकेतच असतात. पण त्यामुळे काही बिघडत नाही. हिचकॉकचा चेहरा बघायला गॅलरीत जावं लागत नाही, आणि माझा आजचा सगळा मुद्दा हाच आहे. हा चेहरा तुम्हाला आत्ता, डोळे मिटून, काढता येईल. कपाळ, छोटं नाक, पुढे आलेला खालचा ओठ, मग हनुवटी, मग दुसरी हनुवटी, आणि पोट. आठ-नऊ रेघांत माणूस पुरा. त्या रेघा कोणी काढल्या? त्यानंच.

हे नीट समजून घेऊ. हिचकॉक मुळात हातात पेन्सिल असलेला माणूस. १८९९ साली लंडनच्या पूर्वेला लेटनस्टोन इथे जन्मला, बाप भाजीवाला. शिक्षण बेताचं. पंधराव्या वर्षी टेलिग्राफच्या केबली बनवणाऱ्या हेन्ली नावाच्या कंपनीत चिकटला, आणि तिथल्या जाहिरात विभागात चित्रं काढायला लागला. १९२०च्या सुमारास एका अमेरिकन कंपनीनं इस्लिंग्टनला स्टुडिओ काढला, तर हा चित्रांची वही घेऊन तिथे हजर. काम मिळालं ते पाट्यांचं. मूकपटात मधे मधे मजकुराची पाटी यायची, ती सजवायची. नायक उधळ्या आहे असं पाटीवर लिहिलं असेल, तर शेजारी दोन्ही टोकांनी पेटलेली मेणबत्ती काढायची. दोन सेकंदांत, अक्षर न वाचताही, बघणाऱ्याला कळलं पाहिजे. पुढे या माणसानं त्रेपन्न चित्रपट केले, पण त्याचं पहिलं शिक्षण हे. कमीत कमी रेघांत, लांबून, झटकन ओळखू येणारी गोष्ट.

हीच युक्ती त्यानं स्वतःवर केली. १९२७चा नाताळ. त्याचा 'द लॉजर' हा चित्रपट त्याच वर्षी झळकला होता, नाव व्हायला लागलं होतं, वय अठ्ठावीस. त्यानं ओळखीच्या लोकांना भेट म्हणून एक छोटी कापडी पिशवी पाठवली. पिशवीत लाकडाचे तुकडे. ते जुळवायला बसायचं. एक तुकडा नाकाचा, एक पोटाचा. जुळवून झाले की समोर कोण? हिचकॉक, बाजूनं बघितलेला. गंमत बघा, अठ्ठावीस वर्षांचा पोरगा, अजून देशाबाहेर फारसं कोणी ओळखत नाही, आणि तो आपलं अर्कचित्र लोकांच्या हातानं जुळवून घेतोय. बाकीच्यांचं अर्कचित्र वर्तमानपत्रवाले काढतात, तेही नाव झाल्यावर. यानं नाव व्हायच्या आधीच काढून ठेवलं.

मला यात जितकी जाहिरात दिसते तितकीच सावधगिरीही दिसते. लठ्ठ मुलाला शाळेत काय काय ऐकावं लागतं ते मला सांगायला नको. माझं नाव शाळेत 'पोतं' होतं. तुम्ही हसायच्या आत मी हसतो, म्हणजे तुमचं हसणं माझ्या परवानगीनं होतं. हिचकॉकनं आयुष्यभर हेच केलं.

आता छायाचित्रांकडे येऊ. तीन छायाचित्रकार, तीन काळ.

पहिला अर्व्हिंग पेन. साल १९४७. पेन तेव्हा न्यूयॉर्कला 'व्होग' या फॅशन मासिकासाठी मोठमोठ्या माणसांची व्यक्तिचित्रं काढत होता. त्याची तऱ्हा अशी की स्टुडिओत काही ठेवायचंच नाही. ना पुस्तकांचं कपाट, ना टेबल, ना फुलदाणी. काहीतरी ओबडधोबड रचायचं, त्यावर जुना गालिचा टाकायचा आणि माणसाला म्हणायचं, बसा. नाव कितीही मोठं असो, त्या गालिच्यावर नीट बसताच येत नाही. कुठे टेकायचं, हात कुठे ठेवायचे, कळत नाही, आणि त्या अवघडलेपणात माणूस दिसायला लागतो. हिचकॉक असा त्या गालिच्यावर बसला आहे. गडद सूट, म्हणजे नेहमीचाच; त्याच्याकडे एकसारखे सूट होते, रोज तोच माणूस दिसावा म्हणून. सूट इतका गडद आहे की अंगाचा सगळा एक ढीग झालाय, गालिच्याच्या ढिगावर दुसरा ढीग. आणि त्याच्यावर ते डोकं.

माझ्या मते हिचकॉकचं सर्वांत खरं छायाचित्र हे. का, तर इथे विनोद नाही. विनोद करायला हाताशी काही दिलेलंच नाही. एक जाडा, सावध माणूस नुसता बसलाय, आणि हे किती वेळ चालणार असं त्याच्या तोंडावर आहे. त्या काळात त्याचं हॉलिवुडमध्ये निर्मात्याशी बिनसलेलं होतं, करार संपत आलेला होता. ते सगळं त्या फोटोत शोधू नका, तेवढं सापडत नाही. पण एवढं मात्र खरं की त्याच्या रेघांच्या चित्रात आणि या फोटोत जी तफावत आहे, तिथे कुठेतरी तो माणूस आहे.

दुसरा फिलिप हाल्समन. याच्याबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण याची गोष्ट हिचकॉकच्या गोष्टीपेक्षा चमत्कारिक आहे.

फोटो तुम्ही पाहिलेला असणार. १९६२, हिचकॉकच्या 'द बर्ड्स' चित्रपटाच्या जाहिरातीसाठी काढलेला. हिचकॉक बाजूनं उभा, तोंडात सिगार, आणि सिगारच्या टोकावर पक्षी बसलाय. बाजूनं का, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. नऊ रेघा! छायाचित्रकाराला वाटतं, आपण हिचकॉकचा फोटो काढतोय. काढतोय तो हिचकॉकनं पस्तीस वर्षांपूर्वी ठरवून ठेवलेला आकार. पक्षी तेवढा नवा.

पण हा फोटो काढणारा कोण? हाल्समन १९०६चा, जन्म रिगाचा, ज्यू घरातला. बावीस वर्षांचा असताना, १९२८ साली, तो वडिलांबरोबर ऑस्ट्रियात टायरोलच्या डोंगरात फिरायला गेला होता. वाटेत वडिलांचा मृत्यू झाला. डोक्याला जबर जखमा. मुलगा म्हणत होता, ते पडले. पोलिस म्हणाले, तू मारलंस. मारण्याचं धड कारण सापडलं नाही, पुरावा सगळा परिस्थितीचा, आणि भोवताली ज्यूद्वेषाचं वातावरण. पहिल्या खटल्यात दहा वर्षांची शिक्षा झाली, फेरखटल्यात चार वर्षांची. मग युरोपभर बोंब झाली. आइन्स्टाइन, कादंबरीकार टोमास मान यांनी त्याची बाजू घेतली, आणि अखेर १९३० साली त्याला सोडून दिलं. खुद्द मनोविश्लेषक फ्रॉइडनंही या खटल्याबद्दल लिहिलं. तो पॅरिसला गेला, छायाचित्रकार झाला. हिटलरच्या फौजा आल्या तेव्हा आइन्स्टाइनच्याच मदतीनं अमेरिकेला पोचला, आणि तिथे 'लाइफ' मासिकाची एकशे एक मुखपृष्ठं त्यानं केली.

आता हिचकॉकचा आवडता विषय कोणता? न केलेल्या गुन्ह्यात सापडलेला माणूस. 'द थर्टी-नाइन स्टेप्स' घ्या, 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' घ्या. १९५६ साली त्यानं 'द राँग मॅन' काढला, एका खऱ्या संगीतकाराची हकीकत, भलत्याच माणसाच्या जागी पकडलेल्या. पोलिसांची भीती तर तो स्वतःचीच म्हणून सांगायचा. चार-पाच वर्षांचा असताना बापानं चिठ्ठी देऊन पोलिस चौकीत पाठवलं, तिथल्या अंमलदारानं चिठ्ठी वाचली, पाच मिनिटं कोठडीत कोंडलं आणि सांगितलं, खोडकर मुलांना आम्ही असं करतो. ही गोष्ट त्यानं इतक्या मुलाखतींत सांगितली की तीही त्या नऊ रेघांपैकी एक झाली. आणि १९६२ साली त्याच्या समोर, कॅमेऱ्यामागे, जो माणूस उभा आहे, त्यानं पाच मिनिटं नव्हे, दोन वर्षं कोठडीत काढलेली आहेत. बापाच्या खुनाच्या आरोपाखाली. मी हा फोटो बघतो तेव्हा मला फोटोतला माणूस नाटकी वाटतो आणि फोटोच्या बाहेरचा, न दिसणारा, खरा हिचकॉकपटातला वाटतो.

तिसरा आल्बर्ट वॉटसन. स्कॉटिश, एडिंबराचा, जन्मापासून एका डोळ्यानं अंध. अमेरिकेत आला होता, अजून नाव झालेलं नव्हतं. १९७३ साली 'हार्पर्स बाझार' मासिकानं त्याला नाताळ अंकासाठी काम दिलं. हिचकॉक खवय्या, तो नाताळच्या भाजलेल्या हंसाची कृती देणार, बरोबर फोटो हवा. मासिकाची कल्पना साधी होती: ताटात भाजलेला हंस, ताट हिचकॉकच्या हातात. दिवाळी अंकात आपण नाही का, चकलीचं ताट घेतलेल्या अभिनेत्री छापत! वॉटसन म्हणाला, शिजलेला नको. पिसं काढलेला कच्चा हंस आणा, आणि तो यांनी मानेला धरलेला असू दे, आत्ताच गळा दाबल्यासारखा. मानेभोवती नाताळची फीत बांधली. हिचकॉकचा चेहरा नेहमीसारखा, ज्याला काही वाटत नाही असा.

वॉटसनचं ते नामांकित माणसाचं पहिलंच छायाचित्र, आणि त्या एका फोटोनं त्याला उभं केलं. बरोबरच आहे. हिचकॉकला काय हवं असतं हे त्याला पहिल्या झटक्यात कळलं: स्वयंपाकघरात खून. पण पेनच्या फोटोत जो माणूस अवघडून बसला होता, तो इथे पुरता नाहीसा झालाय. उरलंय ते बोधचिन्ह.

पेननं मुखवट्याच्या बाहेर काढायला बघितलं, हाल्समननं मुखवट्याशी खेळ केला, वॉटसननं मुखवट्याची पूजा बांधली. हाल्समनचं म्हणणं असायचं की माणसाला उडी मारायला लावा, उडताना तो चेहरा सांभाळायचं विसरतो. हिचकॉकनं आपला चेहरा सांभाळायचं काम कधीच विसरलेलं दिसत नाही.

पण मग, ही तर सगळी बाहेरच्यांनी काढलेली छायाचित्रं झाली. हिचकॉकनं आपली स्वतःची पोर्ट्रेट गॅलरी वेगळीच उघडली होती, पडद्यावर. आपल्या चाळिसेक चित्रपटांत तो क्षणभर दिसतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. सुरुवात 'लॉजर'पासून, गर्दीला माणसं कमी पडली म्हणून. तिथे तो वर्तमानपत्राच्या कचेरीत पाठमोरा बसला आहे. पुढे ती खोड झाली, मग रिवाज, मग डोकेदुखी. प्रेक्षक गोष्ट सोडून त्यालाच शोधायला लागले, म्हणून तो लवकर, पहिल्या काही मिनिटांत, उरकून घ्यायला लागला.

यातलं 'लाइफबोट'चं उदाहरण मला फार आवडतं. १९४४चा चित्रपट. समुद्रात एक होडी, होडीत बुडालेल्या जहाजावरची माणसं, आणि संपूर्ण चित्रपट त्या होडीबाहेर जात नाही. आता इथे रस्त्यानं जाणारा जाडा माणूस कुठून आणायचा? त्याची पहिली कल्पना अशी होती की होडीजवळून तरंगत जाणारं प्रेत आपण व्हावं. पण बुडू, अशी भीती वाटली. त्या सुमारास त्यानं कडक पथ्य करून शंभरेक पौंड वजन उतरवलं होतं. मग त्यानं काय केलं? होडीतला एक जण जुनं वर्तमानपत्र वाचतोय, त्यावर मागच्या बाजूला जाहिरात आहे, 'रिड्यूको' नावाच्या वजन उतरवणाऱ्या औषधाची. 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो. दोन्ही हिचकॉकचेच, आणि दोन्ही खरे! औषध मात्र खोटं. ते कुठे मिळेल म्हणून लोकांची पत्रं आली, असं तो सांगायचा. मी म्हणतो, एखाद्या गॅलरीनं वर्तमानपत्राचा तो कागद चौकटीत घालून लावावा. माणूस स्वतःच्या शरीराबद्दल काय विचार करतो, हे सांगणारं इतकं प्रामाणिक आणि इतकं लबाड व्यक्तिचित्र दुसरं नाही.

आणि ते तरंगणारं प्रेत? ते राहिलंच होतं. अठ्ठावीस वर्षांनी, १९७२ साली, त्याचा 'फ्रेन्झी' झळकला; तो करायला हिचकॉक लंडनला परत आला होता. त्या चित्रपटाच्या ट्रेलरमध्ये हिचकॉक थेम्स नदीत उताणा, सूट-टायसकट, तरंगत आपल्याशी गप्पा मारतो. नदीत सोडला होता तो अर्थात त्याचा पुतळा. विनोद मनात धरून ठेवायचा तो इतका, की अठ्ठावीस वर्षांनी वसूल केला.

'फ्रेन्झी'चं चित्रण कॉव्हेंट गार्डनच्या मंडईत झालं. भाज्यांच्या पाट्या, बटाट्यांची पोती, हमाल. नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीतून तुम्ही बाहेर पडलात तर पाच-सात मिनिटांत चालत तिथे पोचता. आज तिथे दुकानं आणि कॉफी आहे. मंडई १९७४ साली हलवली. म्हणजे भाजीवाल्याचा मुलगा त्र्याहत्तराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर परत मंडईत आला, आणि त्यानं ती जायच्या जेमतेम आधी टिपून ठेवली. लोक म्हणतात हिचकॉकमध्ये आत्मचरित्र नाही. बटाट्यांच्या पोत्यांत बघा.

आता एका गोष्टीकडे तुमचं लक्ष वेधायचं आहे, आणि ती मला थोडी अस्वस्थ करते. ज्या माणसानं स्वतःच्या चित्रावर इतकी घट्ट पकड ठेवली, त्याच्या चित्रपटांत चित्रं काय करतात?

१९२९चा 'ब्लॅकमेल' घ्या, ब्रिटनचा पहिला बोलपट म्हणून तो ओळखला जातो. एक चित्रकार एका मुलीला आपल्या खोलीवर नेतो. तिथे विदूषकाचं चित्र आहे, बोट रोखून हसणारं. आत शिरल्यावर ती त्याला बघून हसते. मग तो तिच्यावर जबरदस्ती करायला जातो, झटापटीत तिच्या हातून पाव कापायच्या सुरीनं त्याचा खून होतो. ती पडद्यामागून बाहेर येते तेव्हा तो विदूषक तसाच हसतोय, बोट तिच्याकडेच. ती त्या चित्रावर झेपावते, ते फाडते. चित्रपटाच्या शेवटी ती कायद्यातून सुटलेली आहे, आणि पोलिस कचेरीतून कोणीतरी ते चित्र उचलून नेत असतो. खुनाला साक्षीदार तो एकटाच. त्याच चित्रपटातला पाठलाग ब्रिटिश म्युझियममध्ये होतो. उजेड पुरेना, म्हणून त्यानं संग्रहालयाची छायाचित्रं काढून आरशाच्या युक्तीनं नटांना त्यांत बसवलं. म्हणजे जे संग्रहालय आपल्याला दिसतं, तेही बरंचसं चित्रच.

आणि 'व्हर्टिगो', १९५८. सॅन फ्रान्सिस्कोचं लीजन ऑफ ऑनर नावाचं खरं संग्रहालय. बाकावर नायिका मॅडलिन पाठमोरी बसलीय, समोर कार्लोटा व्हाल्डेस नावाच्या बाईचं चित्र, बाकावर शेजारी फुलांचा गुच्छ. नायक स्कॉटी मागे उभा. कॅमेरा बाकावरच्या गुच्छापासून चित्रातल्या गुच्छाकडे जातो. मग मॅडलिनच्या अंबाड्याच्या वेटोळ्यावरून चित्रातल्या अंबाड्याकडे. एक शब्द नाही. कार्लोटाचं ते चित्र चित्रपटासाठीच रंगवून घेतलेलं, आणि आपल्याला वाटतं, ही बाई त्या चित्रानं पछाडलीय. नंतर कळतं की पछाडलाय तो बघणारा. पुढे तो दुसऱ्या एका मुलीला पकडून तिचे कपडे, केस, चपला, सगळं बदलायला लावतो, त्याच्या मनातल्या चित्राबरहुकूम. ती बिचारी विचारते की मी आहे तशी चालणार नाही का. मिज नावाची त्याची मैत्रीण आहे, ती गंमत म्हणून कार्लोटाच्या चित्रात स्वतःचा चष्म्यासकट चेहरा रंगवते. त्याला ते मुळीच सहन होत नाही, उठून चालता होतो. चित्रात खरा चेहरा आला की खेळ संपतो.

हे सगळं हिचकॉकला माहीत होतं म्हणून तो दाखवू शकला. पण माहीत असणं आणि न करणं वेगळं. टिपी हेड्रेन, 'द बर्ड्स'ची नायिका, हिनं २०१६ साली आपल्या आत्मचरित्रात लिहिलंय की तो तिच्यावर हक्क गाजवत होता, छळत होता, अंगचटीला आला. काय घालायचं, कसं दिसायचं यावर त्याचा शब्द चालायचा. हे वाचल्यानंतर 'व्हर्टिगो' पहिल्यासारखा बघता येत नाही, आणि तो सिगारवरचा पक्षीही. मी हे टाळून पुढे जाऊ शकलो असतो, पण मग हेही आणखी एक हिचकॉकच्या मर्जीनं काढलेलं चित्र झालं असतं.

आणि या सगळ्या छायाचित्रांत नसलेली एक व्यक्ती. आल्मा रेव्हिल. हिचकॉकहून एका दिवसानं लहान. तो १३ ऑगस्ट, ती १४ ऑगस्ट १८९९. सिनेमाच्या धंद्यात ती त्याच्या आधीपासून होती, संकलक म्हणून. १९२६च्या डिसेंबरमध्ये त्यांनी लग्न केलं. नंतर पटकथा, कंटिन्युइटी म्हणजे दृश्यांचा सलगपणा सांभाळणं, तयार चित्रपट बघून शेवटचा शब्द, हे तिचं काम. 'सायको'ची प्रत सगळ्यांनी बघितली, कोणाला काही दिसलं नाही. पडद्यावर मेलेल्या नटीची, जॅनेट लीची, बारीकशी हालचाल आल्मानं पकडली. बायकोच्या नजरेतून काही सुटत नाही हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना सिनेमा न काढताही माहीत आहे. १९७९ साली अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटनं हिचकॉकचा सत्कार केला, तेव्हा तो म्हणाला की मी फक्त चौघांचे आभार मानणार: एक संकलक, एक पटकथालेखक, माझ्या मुलीची आई, आणि घरात चमत्कार करणारी एक स्वयंपाकीण. चौघींचं नाव आल्मा रेव्हिल. टाळ्या पडल्या. पण हंस हातात धरून फोटोत उभा राहिला तो एकटाच.

गेल्या वर्षी लेकीकडे लंडनला गेलो होतो, तेव्हा गॅलरीपेक्षा लेटनस्टोनला जास्त वेळ रमलो. सेंट्रल लाइनवरचं साधंसुधं स्टेशन. तिथल्या भुयारी वाटेत २००१ साली हिचकॉकच्या चित्रपटांची सतरा मोझेइक चित्रं लावली आहेत, काचेचे बारीक तुकडे जोडून केलेली. एकात तो लहान आहे, बापाच्या दुकानाबाहेर. संध्याकाळची वेळ, माणसं कामावरून परत येत होती, पिशव्या, छत्र्या, कोणी मान वर करून बघत नव्हतं. एक बाई एका मोझेइकला टेकून बुटाची नाडी बांधत होती. मी जवळ जाऊन बघितलं तर नुसते रंगीत तुकडे. चार पावलं मागे सरकलो आणि तुकड्यांतून तो आला, पोटासकट. १९२७ची ती कापडी पिशवी आठवली.

१९५५ साली तो अमेरिकन नागरिक झाला. १९८०च्या जानेवारीत ब्रिटननं त्याला 'सर' केलं, एप्रिलमध्ये तो गेला. राख पॅसिफिक महासागरावर विखुरली. म्हणजे थडगं नाही, शिळा नाही, चेहरा ठेवायला दगडाची जागा नाही.

त्याचा शेवटचा चित्रपट १९७६चा, 'फॅमिली प्लॉट'. त्यातही तो दिसतो, पण यावेळी चेहरा नाही, अंग नाही. एका सरकारी कचेरीचं दार आहे, दाराला धुरकट काच. काचेमागे कोणाशी तरी बोलणारी एक सावली, बोट रोखलेलं. नाक, ओठ, हनुवटी, पोट. तुम्ही क्षणात ओळखता. काचेवर कचेरीचं नाव रंगवलंय, आणि ते आहे जन्म-मृत्यू निबंधकाचं.

ते दृश्य माझ्याकडे आहे. कोणीतरी मागचे दिवे घालवा, म्हणजे बघू.